हातच्या विद्येला सनद कोणाची?

पुणे–नगर रस्त्यावर शिक्रापूरहून उत्तरेला वळलं की केंदूर लागतं आणि त्याच्या शेजारी पाबळ. शिरूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा कोपरा पावसाच्या बाबतीत पिढ्यानपिढ्या ओढग्रस्तीचा. इतिहासात मात्र ही दोन गावं जोडीनं येतात. थोरल्या बाजीरावानं मस्तानीला जी गावं इनाम दिली, त्यांत पाबळ, केंदूर आणि लोणी यांची नावं सांगितली जातात. १७४० मध्ये बाजीरावापाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. वारकऱ्यांच्या लेखी केंदूरची ओळख वेगळी: संत कान्होराज पाठकांचं गाव.

गावं इनाम द्यायला दरबारची मर्जी आणि एक सनद पुरे. त्याच गावातल्या सुताराच्या किंवा लोहाराच्या कसबाला मान कोण देणार, हे मात्र दरबार ठरवत नव्हता. ते गाव ठरवायचं, आणि तेही माणूस बघून नव्हे, घर बघून. सुताराच्या घरात जन्मलेला तो सुतार. नांगर, पाभर, कुळव दुरुस्त करायचा त्याचा हक्क वतनाचा होता आणि सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतंही वतनाचंच. हात चांगला असो की यथातथा, बलुत्यात फारसा फरक पडत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या पुस्तकात या व्यवस्थेची जी चिरफाड केली, तिचा एक रोख हाच होता: वंशानं हक्क मिळतो तिथे कसब वाढवायची निकड उरत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९५० च्या दशकात कायदे करून सेवा-इनामं आणि वतनं मोडीत काढली. जन्मावर चालणारी मान्यता कागदोपत्री संपली.

पण दुष्काळी गावात एक तज्ज्ञ असा होता की त्याला वतन नव्हतं, शाळा नव्हती आणि तरी मान होता. तो म्हणजे पाणाड्या. विहीर कुठे खणायची हे सांगणारा. हातात कडुनिंबाची दुबेळकी काटकी, नाहीतर तळहातावर नारळ. शेतातून चालता चालता काटकी खाली झुकली की तिथे दगड ठेवायचा. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, असाही समज. पाणी लागलं की पाणाड्याचं नाव पंचक्रोशीत व्हायचं. नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब. चुकलेल्या विहिरींचा हिशेब कुणी ठेवत नसे, त्यामुळे नाव सहसा उतरतही नसे.

१९८३ मध्ये याच पट्ट्यात, पाबळला, एक शास्त्रज्ञ बिऱ्हाड घेऊन आले. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून परतलेले, नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या अंधेरीतल्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते आणि त्यांच्या पत्नी मीराताई पाबळला राहायला आले. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून ‘विज्ञान आश्रम’ सुरू झाला. जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शाळेत कार्यानुभव हवा, असं त्या आयोगानं सांगितलं होतं. त्याआधी १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती. दोन्हींचं पुढे काय झालं हे कलबागांना ठाऊक होतं. शाळेत कार्यानुभव म्हणजे वर्षाखेरीला घाईघाईनं केलेला कागदी फुलांचा गुच्छ. कागद खरा, काम खोटं.

कलबागांनी गाव निवडताना सोयीचा विचार केला नाही. पाऊस कमी, जमीन हलकी, शिक्षण मध्येच सुटलेली मुलं भरपूर. अशा गावात जमलं तर महाराष्ट्रात कुठेही जमेल, हा हिशेब. त्यांची मांडणी साधी होती. शिकायचं ते काम करता करता, आणि काम असं की गावाला त्याची खरी गरज आहे आणि गाव त्याचे पैसे द्यायला तयार आहे. अभ्यासक्रमाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा–पर्यावरण, शेती–पशुपालन, गृह–आरोग्य. प्रत्येक मुलानं चारही करायचे. वेल्डिंग शिकणारा मुलगा कोंबड्याही पाळणार आणि रक्तही तपासणार.

पाणाड्याच्या समोर उभं राहिलं ते याच अभ्यासक्रमातलं भूजल सर्वेक्षण. साधन म्हणजे विद्युतरोध मोजणारा मीटर, वायरची रिळं आणि चार लोखंडी खुंट्या. खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीजप्रवाह सोडायचा, आतल्या दोनमधला दाब मोजायचा. दोहोंच्या भागाकारातून रोध मिळतो. त्याला खुंट्यांमधल्या अंतरानं आणि दोन पायनं गुणलं की त्या थराची रोधकता हाती येते. अंतर दहा मीटर आणि रोध अर्धा ओहम असेल तर रोधकता साधारण एकतीस ओहम-मीटर. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की प्रवाह अधिक खोल जातो आणि खालच्या थराची खबर लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणात हे गणित उपयोगी पडतं: अखंड, कोरड्या कातळाचा रोध खूप जास्त, झिजलेल्या, भेगाळलेल्या, पाणी धरलेल्या मुरमाचा कमी. आलेखावर आकडा खाली आला की तिथे विहिरीची आशा.

यातली मापं घेणारी मुलं बहुतेक दहावीच्या अलीकडे शाळा सोडलेली. तरी शेतकरी त्यांना बोलवायचे आणि पैसे द्यायचे. पाणाड्याच्या कामात आणि या कामात पाणी लागण्याच्या खात्रीपेक्षाही मोठा फरक होता. मुलाच्या वहीत आकडे होते. ते दुसऱ्या कुणालाही तपासता येत, पुन्हा मोजता येत, आणि अंदाज चुकला तर कुठे चुकला हे शोधता येई.

गृह–आरोग्य विभागातही हीच रीत. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यावर तीन वेगवेगळे द्राव, काडीनं हलवायचं आणि कुठल्या थेंबात गुठळ्या धरतात ते पाहायचं. रक्तगट ठरतो. हिमोग्लोबिनचंही तसंच. गावातल्या बायका आपलं रक्त किती कमी आहे हे या मुलामुलींकडून जाणून घेऊ लागल्या. जुन्या जीपचे भाग जोडून इथे ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. लोखंडी त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभा राहणारा ‘पाबळ डोम’ ही तर आश्रमाची खूणच ठरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर असे घुमट लातूरकडच्या भूकंपग्रस्त भागातही उभे राहिले.

हात बसला, गाव मानू लागलं. मग कागदाचा प्रश्न आला.

तो टाळता येण्यासारखा नव्हता. केंदूर–पाबळच्या एका अंगाला चाकण, दुसऱ्या अंगाला सणसवाडी आणि रांजणगाव. पुढच्या काळात या तिन्ही ठिकाणी कारखाने वाढत गेले. कारखान्याच्या फाटकावर ‘तुला काय येतं’ हा प्रश्न दुसरा असतो; पहिला असतो ‘आयटीआय झालाय का’. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची, राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ ची, शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. या साऱ्या घडीत फिटर हा फिटर आणि वेल्डर हा वेल्डर. चार विषयांत हात घालणाऱ्या मुलासाठी त्यात खणच नव्हता. शिवाय आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी पास लागे, आणि पाबळला येणाऱ्या अनेकांची गाडी तिथेच अडली होती.

आश्रमानं दोन्ही बाजूंनी वाट काढली. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. शाळांमध्ये तो आयबीटी या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. राज्याच्या माध्यमिक मंडळानं त्याला आठवी ते दहावीसाठी पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. शाळा सुटलेल्यांसाठी वर्षभराचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रम, म्हणजे डीबीआरटी. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. १९८९ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेकडे पाबळच्या मुलासाठी खण होता, कारण तिची उभारणीच नेहमीच्या शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी झाली होती.

आयबीटीची खरी गंमत प्रमाणपत्रात नाही, वर्गात आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी शाळेत शिकवायला येणारा निदेशक बहुतेकदा गावातलाच कारागीर किंवा डीबीआरटी केलेला तरुण. ज्याला त्याच शाळेच्या नियमांनी बीएडशिवाय शिक्षक म्हणून दारात उभं केलं नसतं, तो वेल्डर आता ‘सर’ झाला. पुढे पुण्याच्या ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांनी हा नमुना अनेक शाळांत नेला.

एकविसावं शतक उजाडलं तेव्हा महाराष्ट्रात कागदाची एक नवी लाट आली होती. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि लवकरच ‘एमएस-सीआयटी’ या संगणक अभ्यासक्रमाचे फलक तालुक्याच्या बाजारपेठेपासून बसथांब्यापर्यंत झळकले. शासकीय नोकरीत संगणक येत असल्याचा पुरावा म्हणून हे प्रमाणपत्र धरलं जाऊ लागलं आणि लाखो मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला तो या वर्गांत. त्याचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. पण त्याच सुमारास, २००२ मध्ये, पाबळला संगणक आला तो निराळ्या दारानं.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी संगणकानं चालणारी कापणीची आणि कोरण्याची छोटी यंत्रं, मायक्रोकंट्रोलर आणि त्यासाठीची सॉफ्टवेअरं एका खोलीत मावतील अशी प्रयोगशाळा कल्पिली होती: फॅब लॅब. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये पाबळ होतं. इथल्या गरजा इथल्याच होत्या. डेअरीवर दूध घालणाऱ्याला दुधाची प्रत जागच्या जागी कळावी. शेतावरच्या डिझेल इंजिनाचं टायमिंग बिघडलं तर इंधन जास्त जळतं, ते मोजता यावं. गर्शनफेल्ड यांनी २००५ मध्ये ‘फॅब’ हे पुस्तक लिहिलं, त्यात कलबाग आणि पाबळ दोन्ही आहेत. कलबागांना ते पाहता आलं नाही. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

तोवर प्रोग्रॅमिंगच्या जगात हातच्या विद्येचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला जात होता. तिथेही पदवी नसलेले, फावल्या वेळात लोकांच्या अडचणी फुकट सोडवणारे जाणकार हजारोंनी होते. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवरच्या चर्चांमध्ये सातत्यानं उत्तरं देणाऱ्या ३७ जणांना निवडून ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल’ हा मान दिला. पगार नाही, नोकरी नाही; नावापुढे तीन अक्षरं. पुढे हा मान जगभर दिला जाऊ लागला आणि तो वर्षावर्षानं तपासून नव्यानं द्यायची पद्धत पडली. म्हणजे एकदा मिळालं की वतन, असं नाही.

त्याच १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानं कंपनीचा हात मधून काढूनच टाकला. नव्या माणसाला ‘डेव्हलपर’ करायचं तर आधीच्या डेव्हलपरांनी त्याचं काम बघून हमी घ्यायची. २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ सुरू केलं आणि मान थेट आकड्यात मोजायला घेतला. उत्तराला कुणी वरचं मत दिलं की दहा गुण, विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं की पंधरा. दोन हजार गुण झाले की दुसऱ्याचं लिखाण थेट दुरुस्त करता येतं, दहा हजार झाले की देखरेखीची साधनं हाती येतात. उत्तर देणारा कुठल्या कॉलेजचा, हे कुणी विचारत नाही.

मराठी माणसाला या व्यवहाराची झळ आणि गोडी दोन्ही भाषेच्या दारातून कळली. लिनक्सचे पडदे मराठीत आणण्याचं काम या शतकाच्या पहिल्या दशकात स्वयंसेवकांनी केलं आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या मंडळींनीही. लोहित हा मुक्त फाँटही २००४ च्या आसपास रेड हॅटकडून आला. या अनुवादाच्या फायलींना ठरावीक मथळा असतो. त्यात ‘शेवटचा अनुवादक’ असा एक रकाना. नवा माणूस फाइल हाती घेतो तेव्हा त्याचं नाव त्या रकान्यात बसतं आणि आधीच्याचं नाव वरच्या टिपांच्या ओळींत सरकतं, साल लावून. वापरणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त ‘विषयी’ या चौकटीतली अनुवादकांच्या श्रेयाची एक ओळ, तीही उघडून पाहिली तर. ‘फाइल जतन करा’ हे शब्द ठरवताना झालेले वाद आणि जागलेल्या रात्री एवढ्या जागेत मावतात.

पाबळची गोष्ट आणि ही प्रोग्रॅमिंगच्या जगातली गोष्ट २००९ मध्ये एकत्र आल्या. त्या वर्षी फॅब लॅबवाल्यांचं जागतिक संमेलन पुण्यात भरलं आणि त्याच वर्षी फॅब ॲकॅडमीही सुरू झाली. पाच-सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. जगभरच्या लॅबमधले विद्यार्थी आठवड्यातून एकदा पडद्यावर गर्शनफेल्ड यांचा वर्ग ऐकतात आणि उरलेला आठवडा आपापल्या लॅबमध्ये काम करतात. एका आठवड्यात यंत्रानं कापणी, दुसऱ्यात सर्किट घडवणं, पुढे त्या सर्किटमधल्या चिपचं प्रोग्रॅमिंग, मग साचे आणि ओतकाम. परीक्षा नाही. प्रत्येकानं आपल्या कामाचं पान स्वतः तयार करून जगापुढे उघडं ठेवायचं: आराखडे, कोड, फोटो, आणि जे फसलं तेही. ही पानं मर्क्युरियल, नंतर गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाऊ लागली, म्हणजे कुठल्या दिवशी कुणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. आधी स्थानिक मार्गदर्शक ते तपासतो, मग दूरच्या देशातला मूल्यमापक. पाबळही या साखळीतलं एक केंद्र झालं.

फॅब ॲकॅडमीच्या या पानांत आणि विहिरीच्या जागा शोधणाऱ्या मुलाच्या वहीत फारसं अंतर नाही. दोन्हीकडे माणूस ‘मला येतं’ असं म्हणत नाही. कसं केलं ते मांडतो आणि तपासायला मोकळं ठेवतो. कलबागांच्या कामाचा हा धागा संगणकाच्या आधीचा आहे, हे विसरलं की पाबळच्या फॅब लॅबकडे परदेशातून आलेली चैन म्हणून पाहिलं जातं.

तरीही फाटकावरचा प्रश्न सुटलेला नाही. फॅब ॲकॅडमीची पदविका ज्या जगात चालते त्या जगात ती मोलाची; कुठल्या विद्यापीठाची पदवी म्हणून ती मोजली जात नाही आणि कारखान्यातल्या भरतीच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही. गुणांच्या आकड्यांचंही एक दुखणं उघड झालं. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीनं स्टॅक ओव्हरफ्लो १.८ अब्ज डॉलरना विकत घेतलं. ज्यांच्या फुकट उत्तरांवर ही किंमत उभी होती, त्यांच्याकडे गुण आणि बिल्ले राहिले. २०२४ मध्ये त्याच उत्तरांचा वापर ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला करू देण्याचा करार जाहीर झाला, तेव्हा काही जुन्या जाणकारांनी आपली उत्तरं पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. व्यवस्थापनानं ती परत लावली. नियमानुसार एकदा दिलेलं उत्तर सर्वांचं. मान देणारा आणि मालक एकच असला की काय होतं, याचा हा ताजा दाखला.

सरकारी बाजूनंही हालचाल झाली आहे. २७ डिसेंबर २०१३ ला राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला आणि निदान कागदावर तरी शाळेत न शिकलेल्या कसबाला पातळी लावायची सोय आली. ‘पूर्वज्ञानाला मान्यता’ हा मार्ग प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आला: काम येणाऱ्या माणसाची थोड्या दिवसांत चाचणी, मग प्रमाणपत्र. आयबीटी हा विषय राज्यातल्या शाळांत पुढे ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ या नावानं नव्या आराखड्यात बसवला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांकडे पाठवण्याची शिफारस केली. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तीस तास म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे बाराशे तास म्हणजे चाळीस, असा हिशेब आहे आणि कामाच्या अनुभवालाही वजन देण्याची तरतूद आहे.

या हिशेबात नोकरीतला अनुभव बसवणं सोपं आहे, कारण मालकाचं पत्र जोडता येतं. गावातल्या पन्नास विहिरींच्या मोजणीच्या वह्या, एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केलेली चूक किंवा अनोळखी माणसांना वर्षानुवर्षं दिलेली उत्तरं यांना मालक नाही, म्हणून पत्रही नाही. यांचे तास कोण मोजणार आणि त्यावर सही कोणाची, हे त्या आराखड्यात अजून ठरायचं आहे. पाबळला शिकणारी मुलं सध्या तरी दोन्ही सांभाळतात: मुक्त विद्यालयाची गुणपत्रिका नोकरीच्या अर्जासाठी, आणि स्वतःच्या कामाची नोंद ज्याला खरंच काम करून हवंय त्याच्यासाठी.